डब्लिनच्या किल्ल्यातले कारकून

मंडळी, आजचा विषय ब्रिटिशांविरुद्धच्या आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या हेरांचा आहे. हे युद्ध जानेवारी १९१९ मध्ये सुरू झालं आणि ११ जुलै १९२१ च्या युद्धबंदीने थांबलं. बंदूकवाल्यांच्या कथा त्यात पुष्कळ आहेत. पण माझ्या मते या युद्धात सगळ्यांत मोलाचं काम कागद हाताळणाऱ्या माणसांनी केलं. त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

७ एप्रिल १९१९ च्या रात्री डब्लिनमधल्या ग्रेट ब्रन्सविक स्ट्रीटच्या पोलीस ठाण्यात नेड ब्रॉय हा पोलीस कारकून ड्यूटीवर होता. त्याने दोन माणसांना गुपचूप आत घेतलं आणि थेट दफ्तरखान्यात नेलं. एक होता मायकेल कॉलिन्स, स्वातंत्र्यवाद्यांचा पुढारी आणि त्यांच्या हेरखात्याचा सूत्रधार; दुसरा त्याचा सहकारी शॉन नूनन. पहाट होईपर्यंत ते दोघे तिथे फाइली वाचत बसले. कॉलिन्सने त्यात स्वतःची फाइलही वाचली.

हे दफ्तर एवढं महत्त्वाचं का होतं? आयर्लंडमध्ये १७९८ चा उठाव झाला, १८६७ चा झाला. दोन्ही वेळा सरकारचे खबरे आधीपासून संघटनेत शिरलेले होते. १९१६ चा ईस्टर उठाव मोडल्यावर शरण आलेल्या कैद्यांच्या रांगांतून पुढारी ओळखून वेगळे काढले ते साध्या वेशातल्या पोलिसांनी, म्हणजे डब्लिन पोलिसांच्या ‘जी’ डिव्हिजनने. हे दफ्तर त्यांचंच. सरकारकडे सैन्य होतंच, पण खरी धास्ती होती ती चेहरे ओळखणाऱ्या या मोजक्या माणसांची. त्यांना कोण कोण माहीत आहे आणि काय काय माहीत आहे, हे कॉलिन्सला त्या रात्री कळलं. पुढे जी डिव्हिजनच्या माणसांना आधी ताकीद मिळाली, आणि जुलैपासून गोळ्या.

ब्रॉयची रोजची पद्धत अगदी साधी होती. गुप्त अहवाल टाइप करायचं काम त्याच्याकडे असे. टाइप करताना तो एक कार्बन जास्तीचा घाली आणि ती जादा प्रत बाहेर पोचती करी. शेवटी त्याचा घातही त्याच कागदांनी केला. एका झडतीत या प्रती सरकारच्या हाती लागल्या आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये तो पकडला गेला. युद्धबंदी झाली म्हणून वाचला. पुढे हाच माणूस स्वतंत्र आयर्लंडच्या पोलीस दलाचा प्रमुख झाला.

हेर म्हटलं की आपल्याला आठवतात बहिर्जी नाईक, आणि ते साहजिकच आहे. वेष पालटणारा, परक्या मुलखात शिरणारा माणूस हेच हेराचं चित्र आपल्या मनात पक्कं बसलंय. डब्लिनच्या या माणसांना वेष पालटावा लागला नाही. आपल्याच नावाने, आपल्याच खुर्चीवर, सरकारी पगार घेत ती बसली होती. मला त्यांचं धैर्य जास्त वाटतं, कारण पळून जायला दुसरी ओळखच त्यांच्यापाशी नव्हती.

लिली मर्निन यांचंच बघा. डब्लिन कॅसलला लागून असलेल्या शिप स्ट्रीट बराकीत त्या टायपिस्ट होत्या. कॅसल म्हणजे सातशे वर्षं इंग्रजी सत्तेचं ठाणं. अधिकाऱ्यांची नावं, शहरात ते राहत असलेले पत्ते, हालचाली, हे सगळं टाइप व्हायला त्यांच्याकडे येई. क्लॉनलिफ रोडवरच्या एका घराची किल्ली त्यांना दिलेली होती. संध्याकाळी तिथे जायचं, ठेवलेल्या टाइपरायटरवर अहवाल काढायचा, तो तिथेच सोडून निघून यायचं. शिवाय कॉलिन्सच्या गुप्तचर विभागाच्या तरुणांबरोबर त्या फुटबॉलच्या सामन्यांना जात आणि गर्दीतले अधिकारी नजरेने दाखवून देत.

नॅन्सी ओब्रायन ही कॉलिन्सच्या नात्यातली बाई. सरकारने मोठ्या विश्वासाने सांकेतिक तारा हाताळायचं काम तिलाच दिलं! ती स्वच्छतागृहात जाऊन तारा उतरवून घेई आणि कपड्यांत लपवून बाहेर नेई.

आता जी गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही, तिच्याकडे येतो. २१ नोव्हेंबर १९२०, रविवार. सकाळी नऊच्या सुमाराला कॉलिन्सची माणसं शहरातल्या वेगवेगळ्या घरांत आणि हॉटेलांत शिरली आणि त्यांनी डझनभराहून जास्त माणसं मारली. त्यांतले बरेच ब्रिटिश गुप्तचर अधिकारी होते. काही जण बायकोच्या देखत मारले गेले. पत्ते आले होते ते अशाच टाइप केलेल्या याद्यांमधून. ग्रेशॅम हॉटेलात मारला गेलेला कॅप्टन मॅककॉर्मॅक हा लष्कराच्या पशुवैद्यक विभागातला. तो हेर असल्याचा पुरावा आपल्याकडे नव्हता, असं कॉलिन्सने स्वतः १९२२ मधल्या एका पत्रात लिहिलं आहे. त्याच दुपारी क्रोक पार्कच्या मैदानावर सरकारी दलांनी सामना बघायला आलेल्या गर्दीवर गोळीबार केला. चौदा जणांचा जीव गेला. रात्री कॅसलमध्ये तीन कैदी मारले गेले. स्वातंत्र्याची बाजू न्याय्य होती असं मी मानतो, आणि तरीही मॅककॉर्मॅकचं नाव मला या व्याख्यानातून गाळता येत नाही. यादीतली एक चूक म्हणजे एक माणूस.

आणि कॉर्क, आयर्लंडच्या दक्षिणेचं शहर. तिथल्या व्हिक्टोरिया बराकीत जोसेफीन मार्चमेंट ब्राउन ब्रिटिश लष्करी मुख्यालयात काम करत होत्या. नवरा ब्रिटिश सैन्यात होता, महायुद्धात मारला गेला. थोरल्या मुलाचा ताबा वेल्समधल्या सासरच्या माणसांकडे गेला, कोर्टानेही तसाच निकाल दिला. स्वातंत्र्यवाद्यांच्या स्थानिक गुप्तचर विभागाचा प्रमुख फ्लॉरी ओडोनहू याच्या कानावर हे आलं आणि सौदा ठरला: मूल आणून देतो, तुम्ही आतली बातमी द्या. १९२० च्या अखेरीला ओडोनहू एका साथीदाराबरोबर खरोखर वेल्सला गेला आणि मुलाला उचलून आयर्लंडला घेऊन आला. जोसेफीनबाईंनी दिलेला शब्द पाळला. मुख्यालयातले कागद त्या बाहेर देत राहिल्या. एप्रिल १९२१ मध्ये, युद्ध चालू असतानाच, दोघांनी लग्न केलं.

देशभक्तीच्या पुस्तकात ही बाई कुठे बसवायची, असा प्रश्न काहींना पडतो. मला पडत नाही. कोर्टाने आणि सासरने मिळून जिचं मूल काढून घेतलं, तिला त्या सत्तेशी लढायला आणखी कुठलं कारण हवं होतं?

१९४७ ते १९५७ या काळात आयरिश सरकारने या युद्धातल्या माणसांची निवेदनं लिहून घेतली. १,७७३ निवेदनं जमली, आणि ती २००३ पर्यंत बंद होती. आता ती इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येतात. ब्रॉय यांचं आहे, लिली मर्निन यांचंही आहे. मर्निनबाईंचं फार मोठं नाही, एका बैठकीत वाचून होतं. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.