हंबकर बदलताय? आधी आवाज कुठे अडतोय ते ऐका

इलेक्ट्रिक गिटारच्या अँपचा गेन (आवाज फाटेल इतपत सिग्नल वाढवणारा नॉब) थोडा वाढवला, नेक पिकअपवर (गळ्याजवळचा, तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) साधी ई मायनर कॉर्ड मारली आणि सहाच्या सहा तारांचा नुसता गोळा ऐकू आला, खालच्या तारा घुमतायत आणि वरच्या घोंगडीखालून आल्यासारख्या वाटतायत. असं झालं की पहिला विचार येतो पिकअप बदलायचा. बदलूया ना, पण त्याच्या आत काय चाललंय ते आधी बघू.

१९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने हंबकरच्या, म्हणजे गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपच्या, पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल (तारेची वेटोळी) शेजारी शेजारी, एकीचं वाइंडिंग दुसरीच्या उलट आणि मॅग्नेटची दिशा पण उलट, त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण आपसातच कटते आणि तारांचा सिग्नल मात्र बेरीज होऊन येतो. कमाल डोकं लावलंय! पण दोन कॉइल सिरीजमध्ये (एकीपुढे एक) जोडल्या की इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा विरोध) वाढतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच दबायला लागतात. वेढे जितके जास्त तितका आवाज जाड.

आणि इथेच लोक फसतात. हाय आउटपुट बघून पिकअप घेतात. सत्तरच्या दशकात डिमार्झिओच्या सुपर डिस्टॉर्शनसारखे तगडे पिकअप आले ते ट्यूब अँपला ढकलून डिस्टॉर्ट करायला, आज बहुतेक अँपमध्ये गेन हवा तेवढा आहे, मग क्लिअर टोन हवा असताना असा गरम, म्हणजे हाय आउटपुट, पिकअप कशाला?

बरं, किलोओहमचा आकडा (कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स) पण एकटा बघू नका. ४२ ऐवजी ४४ गेजची बारीक तार घेतली की तेवढ्याच वेढ्यांना आकडा फुगतो. इंडक्टन्स दिला असेल तर तो बघा. जुन्या पीएएफ (गिब्सनचे सुरुवातीचे हंबकर) धाटणीचे पिकअप साधारण ४ ते ५ हेन्रीचे, गरम पिकअप ७-८ पर्यंत जातात. नेकसाठी मी तरी डोळे झाकून कमी वाइंडिंगचा, अल्निको ५ मॅग्नेटवाला म्हणेन, त्यात बास घट्ट राहतो. अल्निको २ गोड आहे, पण खालच्या तारांवर सैल पडतो. सिरॅमिक मॅग्नेट म्हणजे कर्कश हे मात्र खरं नाही, बराचसा खेळ वाइंडिंगवर. कव्हर पितळेचं असेल तर वरचा आवाज थोडा जातो, निकेल सिल्व्हरचं चांगलं.

पण पैसे घालायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर जाडी ई तार दाबून धरा आणि पिकअप तारेपासून किती लांब आहे ते बघा. अगदी चिकटून असेल तर बासच्या बाजूचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत खाली न्या आणि दर वेळी तीच कॉर्ड वाजवून बघा, कधीकधी एवढ्यानेच कॉर्डमधला एकेक सूर सुटा ऐकू यायला लागतो. मग व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा कमीजास्त होणारा रेझिस्टर) तपासा, २५० के (किलोओहम) असेल तर ५०० के टाका.

एवढं करूनही गोळाच येत असेल तर बिनधास्त नवा घ्या, फक्त चार कंडक्टर वायरवाला (दोन्ही कॉइलची टोकं सुटी मिळतात तो) घ्या. पुशपुल पॉट (वर ओढला की स्विचसारखा चालणारा) लावून दोन्ही कॉइल पॅरललमध्ये (समांतर) जोडता येतात, इंडक्टन्स जवळपास पाव होतो, आउटपुट पडतं पण आवाज एकदम मोकळा होतो आणि गुणगुण तरीही येत नाही.