वागळ्यांचा मग कुणी बनवलाच नव्हता

नमस्कार, श्रोतेहो.

वागळे हे आडनाव गोमंतकाला परकं नाही. पण 1988 साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतले आणि कुंदन शाह यांनी पडद्यावर आणलेले दूरदर्शनच्या ‘वागळे की दुनिया’ मालिकेतले वागळे घरोघरी पोचले, तेव्हा त्यांच्या नावाचा चहाचा मग किंवा टिफिनचा डबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी मांडला होता का? ‘ये जो है जिंदगी’ या दूरदर्शनच्याच विनोदी मालिकेचंही तेच. सतीश शाह जवळजवळ दर भागात नव्या सोंगात यायचे. इतकी सोंगं झाली, पण एकाचाही मुखवटा दुकानात आला नाही. म्हणून आज जुन्या विनोदी मालिकांच्या वस्तू शोधणाऱ्यांनी पहिली गोष्ट पक्की करावी. आपल्याकडच्या वस्तू हरवलेल्या नाहीत. त्या मुळात बनल्याच नव्हत्या.

याचं कारण पैशाच्या वाटेत आहे. 1984 च्या ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिका सुरू झाल्या. कमाई होती ती जाहिरातीच्या सेकंदांत. प्रायोजकाला आपला साबण नि नूडल्स खपवायच्या होत्या, वागळ्यांचं चित्र नव्हे. वागळ्यांच्या सर्वांत जवळची अस्सल वस्तू मिळते ती टपाल खात्याची. टाइम्स ऑफ इंडियाच्या दीडशे वर्षांनिमित्त 1988 सालीच तिकीट निघालं, त्यावर लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आहे. वागळे नव्हेत, पण त्यांचे थोरले बंधू म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेतही सगळ्याच मालिकांच्या वस्तू निघाल्या असं नाही. तिथे गिऱ्हाईक होतं शाळकरी पोर. ‘द मन्स्टर्स’मध्ये भुताखेतांचं कुटुंब, म्हणून त्यांची खेळणी निघाली, डबे निघाले. ‘ऑल इन द फॅमिली’ या 1971 च्या मालिकेत खुर्चीत बसून कुरकुरणारा म्हातारा. त्याचं खेळणं कुठलं पोर मागणार? त्याची खुर्ची मात्र 1978 मध्ये थेट स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. ती जुन्या सामानाच्या दुकानातून काही डॉलरांत आणलेली होती. मालिका चालूच राहिली, तेव्हा तशीच खुर्ची बनवून घ्यायला हजारो डॉलर मोजावे लागले.

‘आय ड्रीम ऑफ जीनी’मधली जीनीची बाटली म्हणजे खरं तर जिम बीम व्हिस्कीची 1964 च्या नाताळची बाटली. मालिका रंगीत झाल्यावर तिच्यावर रंगीबेरंगी नक्षी रंगवली गेली. रिकामी बाटली जपून ठेवावी हे गोंयकाराला शिकवावं लागत नाही, पण अशी रंगवलेली बाटली कुणी ‘सेटवरची’ म्हणून दाखवली तर हात आखडता घ्या. कोऱ्या बाटल्या घेऊन त्या रंगवणारे हौशी पुष्कळ आहेत.

आता खरं-खोटं पारखायचं कसं? वस्तू उलटी करा. 1985 चं म्हणून विकल्या जाणाऱ्या खोक्यावर रुपयाचं ₹ हे चिन्ह असेल तर ते खोकं जुलै 2010 नंतरचं, कारण ते चिन्हच तेव्हा आलं. ‘सर्व करांसह कमाल किंमत’ असा मजकूर 1990 पासून सक्तीचा झाला. त्याआधी बहुधा ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापलेलं असायचं. पोस्टर असेल तर दहापट भिंग लावा. ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक जाळीत, छोट्या फुलांसारखे दिसतात. घरगुती इंकजेटचे ठिपके विस्कटलेले, पावडर उडाल्यासारखे. चहात बुडवून जुना केलेला कागद मधोमधही तितकाच तपकिरी असतो. खरा जुना कागद आधी कडांना करपतो.

आणि एक खास आपल्याकडची खूण. व्हिडिओ लायब्ररीच्या चिकटपट्टीवर किंवा मासिकावरच्या दुकानाच्या शिक्क्यात पत्ता ‘गोवा, दमण व दीव’ असेल, तर तो शिक्का बहुधा 30 मे 1987 पूर्वीचा, म्हणजे गोवा घटक राज्य होण्याआधीचा. अशी चिकटपट्टी घाण समजून खरवडू नका. तिच्यासाठीच पैसे द्यावेत.

मग जमवायचं काय? कागद आणि फीत. मालिकांवर लेख छापलेले जुने अंक, कार्यक्रमपत्रकं आणि सर्वांत मोलाच्या म्हणजे घरी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेटी. आखातातून आलेल्या व्हीसीआरमुळे आपल्या कित्येक घरांच्या माळ्यांवर त्या अजून पडून आहेत. लग्नाची कॅसेट असेल तरी शेवटपर्यंत बघा. मांडव संपल्यावर उरलेल्या फितीवर कधीकधी दूरदर्शनची अख्खी संध्याकाळ सापडते, मधल्या जाहिरातींसकट. भाग पुढे व्हीसीडीवर निघाले असतील; त्या जाहिराती सहसा निघत नाहीत. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या माणसाने अमेरिकेहून आणलेली कॅसेट मात्र एनटीएससी या तिथल्या टीव्ही पद्धतीची असते. आपल्या पाल पद्धतीच्या साध्या व्हीसीआरवर तिचं चित्र काळं-पांढरं होतं नि वर-खाली पळतं. कॅसेट बिघडली म्हणून टाकू नका, दोन्ही पद्धती चालवणारं यंत्र शोधा.

लावण्याआधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून गुंडाळीची कड बघा. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घातली तर फीत चिकटून तुटते, बुरशी यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या हेडच्या ड्रमला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला. ती वेगळ्या झिपच्या पिशवीत टाका. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, दहा कॅसेटींमागे शंभर ते दीडशे ग्रॅम ओल शोषणारी सिलिका जेल घालून, दोन-तीन आठवडे सुकू द्या. त्यानंतर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मागचे पाच स्क्रू काढा. मग कॅसेट सुलटी करून स्क्रूंची बाजू टेबलाकडे ठेवा आणि वरचं झाकण उचला, नाहीतर आतली स्प्रिंग उडते आणि फितीची वाट विसरायला होते. उघडल्याबरोबर फोनवर फोटो काढून ठेवा. कड मऊ कोरड्या कुंचल्याने झाडा, दोन्ही चाकं स्वच्छ रिकाम्या कॅसेटीत बसवा, एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळा. पहिल्यांदा चालवतानाच संगणकावर उतरवून घ्या, दुसरी संधी मिळेलच असं नाही. पालचं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं, सेकंदाला 25 फ्रेम ठेवा. आणि हे सगळं करण्याआधी कॅसेटच्या, आणि चाकं दुसरीत बसवणार असाल तर तिच्याही, कण्यावरची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडा. ती शाबूत असेल तर चुकून एक बटण दाबलं की तीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ पुसली जाते.

शेवटी पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ओलावा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो. या वस्तूंना चाळीस ते पन्नास बरा. चिऱ्याची भिंत पाणी ओढते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं दूर, आणि खालचा कप्पा रिकामा. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा ओला पाला घालू नका, त्यानेच दमटपणा येतो. अंकांना लॅमिनेशन नको. गंजलेल्या टाचण्या हलकेच काढा, पानं पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवा. वास मारणारं मऊ पीव्हीसी प्लास्टिक शाई ओढून घेतं. सिलिका जेल निळी असेल तर गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवट किंवा फिकी. रंग बदलला की उन्हात ठेवून भागत नाही. निळी भट्टीत 120 अंशांवर दोन तास, नारिंगी त्याहून थोड्या कमी आचेवर, आणि गार होईपर्यंत बंद बरणीत. चतुर्थीच्या आधी एकदा डबे उघडून रंग बघून घ्या. तोवर पावसाचे दोन-अडीच महिने उलटून गेलेले असतात.