कालव्यातले परके पाहुणे

सूर्य उगवून अर्धा तास झाला आहे. दक्षिण फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीत, दुकानांच्या मागच्या भिंती आणि सहा पदरी रस्ता यांच्या मधून सरळ रेषेत जाणाऱ्या एका कालव्याच्या काठावर एक हौशी मासेमार उभा आहे. हलकी दांडी, रिळावर बारीक तंगूस आणि टोकाला बोटाएवढ्या माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष, एवढेच त्याचे साहित्य आहे. पुलाची सावली जिथे संपते तिथे तो आमिष टाकतो, लहान लहान झटके देत ते ओढतो, आणि चौथ्या फेकीला तंगूस एकदम ताठ होतो.

हाती आलेला मासा सोनेरी हिरवा आहे. अंगावर तीन काळसर उभे पट्टे आहेत, डोळा लालभडक आहे, पोटाकडचे पर नारिंगी आहेत आणि शेपटीच्या मुळाशी सोनेरी कड असलेला काळा ठिपका आहे. मोरपिसावरच्या डोळ्यासारख्या या ठिपक्यामुळेच त्याला ‘पीकॉक बास’ म्हणतात. त्याचे दात खरकागदासारखे असतात. खालचा जबडा चिमटीत धरून गळ सोडवावा लागतो, त्यामुळे दिवस चांगला गेला की मासेमाराच्या अंगठ्याची साल निघालेली असते.

हा मासा दक्षिण अमेरिकेचा आहे आणि तो इथे चुकून आलेला नाही. त्याची गोष्ट समजून घ्यायची, तर आधी हे कालवे समजून घ्यावे लागतात. एव्हरग्लेड्सच्या दलदलीतले पाणी समुद्राकडे काढून देण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे कालवे खणले गेले. १९४७ च्या चक्रीवादळांनी आणि महापुरांनी हा प्रदेश बुडवल्यावर, १९४८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पूरनियंत्रणाची प्रचंड योजना मंजूर केली आणि कालव्यांचे जाळे वाढत गेले. सच्छिद्र चुनखडकात खोल आणि उभ्या भिंतींचे कोरलेले हे कालवे थंडीतही भूजलाच्या पाझरामुळे तुलनेने उबदार राहतात. त्यामुळे उष्ण प्रदेशातल्या माशांना इथे आयतेच घर मिळाले. शोभेच्या माशांचा व्यापार आणि मत्स्यपालन यांतून ते येत गेले. कोणी निसटले, कोणाला घरातली काचेची टाकी अपुरी पडली म्हणून मालकानेच आणून सोडले.

पश्चिम आफ्रिकेतला ठिपकेदार तिलापिया हा मासा असाच बेसुमार वाढला, तेव्हा राज्याच्या मत्स्यतज्ज्ञांनी त्याला खाणारा मासा शोधला आणि १९८४ पासून पीकॉक बासची बोटुकली विचारपूर्वक कालव्यांत सोडली. पाण्याचे तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तो मरतो, म्हणून तो उत्तरेकडे पसरणार नाही, हा त्या निर्णयाचा आधार होता. हा अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीत त्याच्यासह अनेक परके मासे मोठ्या संख्येने मेले. मात्र खोल कालव्यांत काही तगले आणि पुन्हा वाढले.

म्हणूनच या पाण्यात परकेपणाला दोन वेगळे न्याय आहेत. पीकॉक बासला कायद्याचे संरक्षण आहे: एका मासेमाराला दिवसाला दोनच ठेवता येतात आणि त्यांपैकी १७ इंच किंवा त्याहून मोठा एकच असू शकतो. याच कालव्यात आणखी एक शिकारी राहतो, जो मराठी माणसाला नव्याने सांगावा लागणार नाही. तो आपला मरळ आहे. भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंतच्या नद्यांतला हा मासा २००० साली ब्रॉवर्ड काउंटीत आढळला, आणि तिथे त्याला ‘बुल्सआय स्नेकहेड’ म्हणतात. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, घरटे करतो आणि पिल्लांवर पहारा ठेवतो. त्याला जिवंत बाळगणे वा नेणे हा गुन्हा आहे. पकडलेला मरळ मारावा आणि खावा, असेच राज्याचे वन्यजीव खाते सांगते.

एकाला जपायचे आणि दुसऱ्याला मारायचे, तर ओळख चुकता कामा नये. आणि नवख्याची चूक होते, कारण शेपटीजवळचा तो खोटा डोळा मरळाला असतो, ऑस्कर नावाच्या माशाला असतो आणि १९८३ मध्ये एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात प्रथम नोंदलेल्या मायन सिक्लिडलाही असतो. ठिपक्यावर विसंबू नये, शरीराची ठेवण पाहावी: मरळ लांबट आणि दंडगोलाकार असतो, आणि त्याचा पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो.

बाकीच्यांची यादी मोठी आहे. मायन सिक्लिड पावाच्या तुकड्यालाही लागतो. चिलखती कॅटफिश गळाला क्वचितच लागतो, पण काठात बिळे करून तो कालव्याची माती ढासळवतो, आणि माझ्या मते त्याच्याकडे आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक लक्ष द्यायला हवे.

गळ टाकून हे कालवे परक्या माशांपासून मुक्त होतील, अशी आशा धरणे भाबडेपणाचे आहे. जे काम २०१० च्या थंडीने पुरे केले नाही, ते दांड्यांनी होणार नाही. तरीही मासेमाराचे महत्त्व कमी होत नाही. रोज याच काठावर उभ्या असलेल्या माणसाला अनोळखी मासा लवकर दिसतो. त्याने छायाचित्र आणि ठिकाण कळवले, तर नवी जात पसरण्याआधी हालचाल करता येते. त्याहून मोठी गोष्ट बादलीची आहे. एका कालव्यातला मासा जिवंत उचलून दुसऱ्या तळ्यात सोडला, की वाटेतले बांध आणि दरवाजे निरुपयोगी ठरतात. पाळलेला मासा नकोसा झाला, तर तो दंडाशिवाय सोपवण्याची सोय फ्लोरिडात आहे. ती असूनही कोणी अंधारात टाकी कालव्यात रिकामी करतो, तेव्हा मनापासून वाईट वाटते.

ऊन चढले आहे. सकाळचा पीकॉक बास केव्हाच पुलाच्या सावलीत परत गेला आहे. पाणवनस्पतींच्या कडेने ओढलेल्या रबरी बेडकावर आता एक मरळ झडप घालतो, तंगूस वनस्पतींत गुंततो आणि बराच वेळ ओढाताण चालते. तो काठावर येतो, तेव्हा मासेमार आधी त्याचे छायाचित्र घेतो, मग तिथेच त्याला मारतो आणि बर्फाच्या पेटीत ठेवतो.