सहमतीचा अर्ज, आपल्या हाताने लिहिलेला

नमस्कार श्रोतेहो.

आज मी घटस्फोटाबद्दल बोलणार आहे. शब्द ऐकूनच कुणी रेडिओचा आवाज कमी केला असेल, घरात मोठी माणसं बसली असतील, तर मला ते समजतं. काही वर्षांपूर्वी मीही हा शब्द मोठ्याने उच्चारत नव्हते. पण ज्यांना आज त्याची गरज आहे, त्यांनी दोन मिनिटं जवळ येऊन ऐका.

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मी आणि माझ्या मुलाचे बाबा वकिलाशिवाय उभे राहिलो होतो. भांडायचं ते भांडून झालं होतं. वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत होतं, आणि जे काही थोडे पैसे होते ते मुलाच्या शाळेसाठी राहावेत असं दोघांनाही वाटत होतं.

लोक मला विचारतात, असं चालतं का? चालतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम १३ आहे. त्याप्रमाणे या कोर्टात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क धरलेला नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती मिळते, म्हणून जिकडेतिकडे काळे कोट दिसतात. पण या कोर्टाची कल्पनाच अशी आहे की नवरा-बायकोने आपलं म्हणणं आपल्या तोंडाने सांगावं. अर्ज मराठीत करता येतो. न्यायाधीश मराठीत विचारतात, आपण मराठीत उत्तर द्यायचं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये सहमतीचा घटस्फोट आहे. त्याला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून एकत्र न राहणं. भाड्यापायी एकाच छपराखाली दोन खोल्यांत दिवस काढणारी जोडपी पुण्यात कमी नाहीत, त्यांचाही विचार यात होतो. दोघांनी मिळून अर्ज द्यायचा. मग सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर, पण अर्ज दिल्या तारखेपासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आमचा निर्णय कायम आहे. मधल्या काळात एकाने संमती काढून घेतली तर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश, होत नाही. हे सहा महिने माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं, पण बराच काळ वेगळं राहणं झालेलं असेल आणि पोटगी, मुलं, सामान सगळं मिटलेलं असेल तरच. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.

आणि एक, हात जोडून सांगते. नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या म्हणजे घटस्फोट झाला असं समजू नका. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढ चाल असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांचं लग्न त्या कागदाने मोडत नाही. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलेल्या माणसांचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

अर्ज दाखल करताना खिडकीवरच्या बाईंनी आमचं एकेक पान उलटून पाहिलं. पाचव्या पानावर यांची सही राहिली होती, लग्नाच्या फोटोमागे नाव लिहिलेलं नव्हतं. दोन हेलपाटे पडले. त्यात काही बिघडलं नाही. नंतर विवाह समुपदेशकांनी आम्हाला आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बसवलं. त्यांनी एक प्रश्न विचारला, "मुलगा शाळेतून येतो तेव्हा दार कोण उघडतं?" आम्ही दोघंही गप्प झालो. अर्जात मुलाचं नाव होतं, जन्मतारीख होती, पण दार उघडणारं माणूस कुठेच नव्हतं.

खरी अडचण तिथेच आहे. कलमं समजतात, तारखाही कळतात. जड जातं ते तडजोडीच्या अटी लिहिणं. आम्ही लिहिलं होतं, "वडील मुलाला सुट्टीत भेटतील." आम्हाला ते पुरेसं वाटलं, कारण त्या दिवशी आमचं चांगलं चाललं होतं. पहिली दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मुलगा साताऱ्याला आजीकडे जाणार की माझ्याकडे थांबणार, यावर फोनवर जे झालं ते मुलाने दाराआडून ऐकलं. वकील असता तर त्याने "सुट्टीत" हा एक शब्द खोडून चार ओळी लिहायला लावल्या असत्या. म्हणून सांगते, अटी लिहिताना असं धरून चाला की उद्या तुमचं एकमेकांशी बोलणं बंद होणार आहे. कोणता वार, किती वाजता, कोण आणून सोडणार. गणपतीत कुठे, मे महिन्यात किती दिवस. शाळेची फी वाढली तर कोण किती भरणार. स्त्रीधनाची यादी वस्तूनिशी करा आणि वस्तू मिळाल्याची पोचही लिहा.

घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर जास्त जपा. हप्ते तो भरेल असं अटींत लिहिलं तरी बँक त्या तडजोडीत नसते. तिच्या लेखी दोघंही कर्जदारच राहतात. अशा वेळी निदान एकदा तरी वकिलाला पैसे देऊन कागद वाचून घ्या. मुलाची पोटगीही भावनेच्या भरात सोडून देऊ नका, तो हक्क मुलाचा आहे.

आणि घरात मारहाण असेल, समोरचा माणूस मिळकत लपवत असेल, मुलाला पळवायची धमकी देत असेल, तर एकटीने उभं राहायचा हट्ट धरू नका. वकील परवडत नाही हे कारण तिथे उरत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. मारहाण सोसणाऱ्या बाईला "सहमतीने घे, लवकर सुटशील" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तिने घाबरून केलेली सही मला सहमती वाटत नाही. न्यायाधीश संमतीबद्दल विचारतात तेव्हा खरं सांगायला तिला पूर्ण मोकळीक आहे, आणि तिने ते सांगावं.

हुकूमनामा झाल्यावर प्रमाणित प्रती दोन-तीन तरी मागून घ्या. बँकेत, पासपोर्टला, मुलाच्या शाळेत, सगळीकडे लागतात.

आमच्या दिवाळीचं सांगायचं राहिलं. मुलाच्या ताब्याच्या आणि भेटीच्या अटी हुकूमनाम्यानंतरही त्याच कोर्टात अर्ज देऊन बदलून घेता येतात. आम्ही तसा अर्ज दिला. त्याआधी दोन संध्याकाळी संभाजी बागेच्या बाकावर कॅलेंडर घेऊन बसलो. आता त्यात असं आहे: सम वर्षी लक्ष्मीपूजन आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, भाऊबीज नेहमी आत्याकडे, आणि मुलाला सकाळी दहा वाजता वडील स्वतः येऊन घेऊन जातील. भाऊबीजेची ओळ मुलाने सांगितली होती.