दोन लहानगी घरात: प्रत्येक नकाराचे खापर बाळावर फोडू नका

नमस्कार. घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असताना दुसरे बाळ आले की सगळ्यांची घडी कशी बसवायची, हा प्रश्न तुम्ही इतक्यांदा विचारला आहे की आज दुसरा कोणताही विषय न घेता त्यावरच बोलते.

तान्ह्या बाळाच्या मूलभूत गोष्टी तुम्ही पहिल्या खेपेला शिकलेल्या आहेत, त्यामुळे त्या झरझर सांगते. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध पिते आणि 14 ते 17 तास झोपते, पण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. त्याला नेहमी उताणे, टणक आणि सपाट अंथरुणावर झोपवावे आणि जवळ उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर घरी वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या खेपेला यात भर पडते ती एवढीच की थोरल्याला बाळाच्या अंथरुणात झोपवू नये, जवळ घेण्याआधी त्याचे हात धुवावेत आणि दोघांना क्षणभरही एकटे सोडू नये, कारण अडीच वर्षांच्या मुलाची मायासुद्धा बाळाला घुसमटवू शकते.

आता मुख्य मुद्दा. ‘बाळ झोपले आहे, ओरडू नकोस.’ ‘बाळ दूध पिते आहे, आत्ता नाही.’ ‘बाळाला लागेल, उडी मारू नकोस.’ ही वाक्ये एकेकटी पाहिली तर त्यांत वावगे काहीच नाही. पण थोरल्याच्या जागी उभे राहून दिवसभरातील नकार ऐका. जे काही मिळत नाही, त्याच्या कारणात एकच नाव येते आणि ते नाव त्या पाळण्यातल्या जिवाचे असते. मग त्याने त्या जिवाला चिमटा काढला की आपण त्याला मत्सरी म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे की हा मत्सर पुष्कळ अंशी आपण मोठी माणसेच आपल्या बोलण्यातून त्याला शिकवतो.

यावर पहिला उपाय म्हणजे खरे आणि दिसणारे कारण सांगणे. ‘बाळामुळे येता येत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘माझे हात आत्ता गुंतलेले आहेत, ढेकर निघाली की तुझे कोडे जुळवू’ असे म्हणावे. पाच मिनिटे म्हणजे किती, हे त्या वयात उमगत नाही. ढेकर मात्र ऐकू येते. आमच्या घरी थोरली मुलगी दुधाच्या वेळी शेजारी बसून ढेकरेची वाट पाहत असे आणि ती निघाली की घरभर त्याची वर्दी देत असे. दूध पाजताना खुर्चीऐवजी जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्यास थोरल्यासाठी एक कूस मोकळी राहते. काही खेळणी आणि चित्रांची पुस्तके केवळ त्याच वेळी बाहेर काढली, तर ती वेळ त्याचीही होते.

मागील व्हिडिओखाली एका प्रेक्षकाने लिहिले होते की हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे, एवढ्याशा मुलाला काय कळते. त्यांना माझे सविनय सांगणे आहे की कळते. जूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे दुसरे बाळ झालेल्या कुटुंबांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केले, आणि त्यांचा अभ्यास 1982 साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आई बाळाला काय हवे असेल, ते का रडत असेल, याविषयी थोरल्याशी सुरुवातीपासून बोलत होती, त्या घरांतील भावंडे पुढे एकमेकांशी अधिक स्नेहाने वागताना आढळली. म्हणजे बाळाचे नाव काढूच नये, असे मी म्हणत नाही. ‘ते तुझ्याकडे बघते आहे, त्याला तुझा आवाज ओळखू येतो’ असे खुशाल म्हणावे. त्याचे नाव केवळ मनाई करतानाच येऊ नये, इतकेच.

दुसरा उपाय याच गोष्टीची उलट बाजू आहे. बाळालाही मोठ्याने ‘थांब’ म्हणावे. त्याचे पोट भरलेले असेल, लंगोट कोरडा असेल आणि ते सुरक्षित जागी असेल, तर ‘थांब रे, ताईच्या बुटाचा बंद लावून येते’ असे थोरलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. बाळाला त्यातील काही समजणार नाही, आणि वाक्य त्याच्यासाठी नाहीच. वाट पाहणे दोघांच्याही वाट्याला येते, हे थोरलीच्या कानावर पडायला हवे. आता प्रतिक्रियांमध्ये ‘तान्ह्याला रडवत ठेवा असे सांगता का?’ असा प्रश्न येणार, हे मला ठाऊक आहे. नाही, भुकेल्या बाळाविषयी मी बोलत नाही. मी बुटाच्या बंदाएवढ्या वेळाविषयी बोलते आहे.

तिसरी बाजू पाहुण्यांची, आणि येथे माझा संयम थोडा सुटतो. ‘आता तुझे लाड संपले बरे का!’ हे वाक्य हसत हसत म्हणणाऱ्या माणसांना त्यात कोणती गंमत वाटते, हे मला आजवर समजलेले नाही. मूल ते खरे मानते. दारातच सांगावे की आधी थोरल्याशी बोला, मग त्यालाच बाळ दाखवू द्या. ‘तू आता मोठी झालीस’ हेही याच जातीचे वाक्य आहे. अडीच वर्षांचे मूल बाळाच्या जन्मामुळे एका रात्रीत मोठे होत नाही. उलट ते काही काळ आणखी लहान होते. शी-शूची सवय मोडते, सोडलेली बाटली पुन्हा हवीशी वाटते, कडेवरून उतरायचे नसते. त्याला न हिणवता थोडे लहान राहू दिले, तर हा काळ बहुधा आपोआप सरतो. शौचाची सवय लावणे किंवा नव्या खोलीत झोपवणे यांसारखे बदल मात्र जन्माच्या आगेमागे करू नयेत.

अनेक घरांत बाळ आईकडे आणि थोरले बाबांकडे अशी वाटणी होते. ती सोयीची आहे, पण तीच कायम राहिली तर थोरल्याला आईपासून हद्दपार केल्यासारखे होते. म्हणून पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि झोपवणे बाबांनी करावे आणि तेवढी दहा-पंधरा मिनिटे आईने रोज थोरल्याला द्यावीत. याला कृपया ‘मदत’ म्हणू नका. मूल दोघांचे आहे.

आईविषयी एक गोष्ट घाईत सुटू नये. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे नेहमीचे आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे, आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये.

हे सारे कधी निवळते, असेही तुम्ही विचारता. बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरेच ओसरते. त्यानंतर बाळ रांगू लागते आणि थोरल्याच्या छोट्या खेळण्यांचे तुकडे थेट तोंडात घालते. त्या वेळी ‘बाळ आहे ना, मग ही खेळणी कपाटात ठेवू’ असे म्हणण्याचा मोह होईल. तसे करू नका. बाळाचा हात पोहोचणार नाही इतके उंच, पण थोरल्याला स्वतः चढून बसता येईल असे एक टेबल त्याला द्या आणि बारीक खेळणी त्यावरच ठेवा. खाली पडलेले तुकडे वेचण्याचे काम मात्र तुम्हालाच करावे लागेल.