भुसा बघा, मग इलाज करा

तासगाव तालुका, ऑक्टोबर. फळछाटणी नुकतीच झालीय, मांडवावर पान नाही. द्राक्षवेलीचं खोड निरखायची हीच वेळ.

या वेलीच्या बुंध्याशी, ठिबकच्या नळीवर भुसा सांडलाय. ओलसर, तंतुमय. ही सेलोस्टर्ना भुंगेऱ्याची अळी. बाभळीवरही हाच भुंगेरा. अळी खोडातला बोगदा मोकळा ठेवते आणि भुसा भोकातून बाहेर ढकलते. म्हणून ती सापडते.

आधी सगळा भुसा झाडून काढायचा. दुसऱ्या दिवशी जिथं ताजा भुसा दिसेल, तिथं अळी जिवंत. जुनं भोक रिकामंही असतं. त्यात औषध घालणं म्हणजे नुसता खर्च. आता सायकलच्या तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून आत सारा, फिरवा, हळू ओढा. टोकाला पांढरट, ओला चिकटा आला, की अळी चिरडली. मग भोक चिखलानं लिंपा. दोन-तीन दिवसांत लिंपण फोडून पुन्हा भुसा आला, तर तार पोचली नव्हती.

भोकात रॉकेल ओतू नका, जिवंत साल मरते. डायक्लोरव्हॉस भरायचा सल्ला अजून फिरतो. त्या औषधावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे.

ही शेजारची वेल. खाली भुशाचा कण नाही, तरी ओलांड्यावरची, म्हणजे खोडाच्या आडव्या फांदीवरची, फूट दरवर्षी बारीक होत चाललीय. सुटलेली साल नखानं उचला. आत पिठासारखी भुकटी, ठासून भरलेली. ही स्ट्रोमॅशियमची अळी. खात पुढं जाते आणि मागचा बोगदा भुकटीनं बुजवत जाते. इथं तार जात नाही, औषधही मुरत नाही. दोन्ही अळ्यांना आपण खोडकिडाच म्हणतो आणि घोटाळा इथंच होतो.

हिचा भुंगेराच गाठावा लागतो. तो पावसाला सुरुवात झाली की रात्री बाहेर पडतो आणि सुटलेल्या सालीच्या फटीत अंडी घालतो. म्हणून एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर, वळवाच्या आधी खोड-ओलांड्यांची मोकळी साल हातानं काढायची. कोयता नको, खालच्या जिवंत सालीला जखम होते. पाऊस लागला की रात्री प्रकाश सापळे लावायचे.

आणि बांधावर जळणासाठी रचलेली ही जुनी खोडं? स्ट्रोमॅशियम वाळक्या लाकडातही वाढतो. हा ढीग पावसाच्या आत जाळून संपवायचा.