वूडीला मुदतवाढ

(पुण्यातल्या एका पेठेतल्या वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत मे २०२६मध्ये झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "टॉय स्टोरीचे आणखी भाग काढावेत का?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे तुम्हाला बालविभागात घालू का?" आता समोर बघतोय, तर बालविभागाचं सरासरी वय पासष्टच्या आसपास आहे. नातवंडं सोबत आणलेली दिसतात, त्यांच्याकडे चिक्की आहे, त्यामुळे ती वीस मिनिटं तरी बसतील.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अँडी नावाचा मुलगा आणि त्याची खेळणी. मुलगा खोलीबाहेर गेला की खेळणी हालचाल करायला लागतात, बोलायला लागतात. वूडी हा त्यांचा म्होरक्या, कापडी अंगाचा, पाठीतली दोरी ओढली की बोलणारा काउबॉय. त्याच्या राज्यात एक दिवस बझ नावाचा बटणांचा, प्लास्टिकचा अंतराळवीर येतो आणि वूडीला असूया वाटायला लागते. १९९५च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लागलेला हा ८१ मिनिटांचा सिनेमा, संपूर्णपणे कॉम्प्युटरवर बनलेला जगातला पहिला लांबीचा चित्रपट. मी तेव्हा चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. सिनेमा पाहिला तो पुढे कधीतरी, मित्राच्या घासलेल्या व्हीसीडीवर, आणि पाहून सगळ्यात आधी घाबरलो. पेन्सिलीचं काय होणार, म्हणून.

दुसरा भाग १९९९चा, तिसरा २०१०चा, चौथा २०१९चा. येत्या १९ जूनला पाचवा लागतोय. यावर माझ्या विद्यार्थ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, तिसऱ्यावर संपलं होतं, आता प्रेताला काय इंजेक्शनं देता? दुसरा म्हणतो, सर, चांगला असेल तर बघायला काय हरकत आहे? दोघंही तिकीट काढणार आहेत, हे मला माहीत आहे.

मला स्वतःला आधी एक गोष्ट वेगळी काढावीशी वाटते. 'किती भाग' हा प्रश्न सगळ्या मालिकांना सारखा लागू होत नाही. आपला चिंटू घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१मध्ये 'सकाळ'मध्ये तो सुरू केला. तेव्हा चिंटूच्या वयाची असलेली मुलं आज गृहकर्जाचे हप्ते भरतायत आणि चिंटू अजून बगळ्या-पप्पूबरोबर गच्चीवर आहे. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. चिंटूच्या घरात घड्याळच नाही. रोज सकाळी पाटी कोरी. असं पात्र शंभर वर्षं चालवा, काही बिघडत नाही.

अँडीच्या घरात मात्र घड्याळ आहे, आणि ते खरं आहे. पहिल्या भागात अँडीला आवाज देणारा जॉन मॉरिस तेव्हा लहान मुलगा होता. पंधरा वर्षांनी, तिसऱ्या भागातल्या सतरा वर्षांच्या अँडीलाही त्यानंच आवाज दिला. म्हणजे ऐकू येतो तो फुटलेला आवाज त्याच मुलाचा. आणि समोर बसलेला प्रेक्षकही तेवढाच वाढलेला.

२०१०मध्ये मी माझ्या भाच्याला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा सतरा वर्षांचा, ऑगस्टमध्ये बाहेरगावी हॉस्टेलला जाणार. घरी ताई माळा आवरत होती आणि 'हे ठेवायचं की द्यायचं?' असं दर पाच मिनिटांनी ओरडून विचारत होती. पडद्यावर अँडीची आईही अगदी तेच विचारत होती. भाचा म्हणाला, "मामा, आईनं स्क्रिप्ट वाचलंय की काय?"

त्या सिनेमाच्या शेवटाबद्दल मी वर्गात तासभर बोलतो, इथे दोन मिनिटं. अँडी सगळी खेळणी बॉनी नावाच्या छोट्या मुलीला देतो. एकेकाची ओळख करून देतो. खोक्याच्या तळाशी वूडी निघतो, त्याला तो द्यायचा नसतो. बॉनी त्याला ओळखते, हात पुढे करते, आणि अँडी वूडीला पटकन मागे ओढून घेतो. बस, एवढंच. अॅनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, ही हालचाल एका सेकंदाचीही नसेल. पण बघा, हात आधी हलतो, चेहरा नंतर. मग अँडीला स्वतःचंच आश्चर्य वाटतं. माणूस विचार करून मागे घेतो तेव्हा आधी डोळे हलतात आणि मग हात. इथे क्रम उलटा आहे, म्हणून ती हालचाल सतरा वर्षांच्या मुलाची राहत नाही, सहा वर्षांच्या मुलाची होते. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून मिळत नाही. कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

माझी चौथ्या-पाचव्या भागाबद्दलची अढी त्या एका सेकंदातून आली आहे. एवढ्या कष्टानं निरोप दिला, तर तो निरोप राहू द्यावा ना.

पण नुसती अढी म्हणजे मत नव्हे. म्हणून मी यंदा सगळे भाग पुन्हा बघायला बसलो, हिशेबाची वही घेऊन. आणि एक गंमत लक्षात आली. दुसऱ्या भागात डब्यातून कधी बाहेरच न आलेलं एक म्हातारं खेळणं वूडीला टोमणा मारतं, की अँडी कॉलेजला जाताना तुला बरोबर नेणार आहे का? १९९९मध्ये विचारलेला प्रश्न. त्याचं उत्तर देणारा सिनेमा ११ वर्षांनी आला आणि त्यात अँडी खरोखरच कॉलेजला निघालेला होता. म्हणजे दुसऱ्या भागानं उधारी ठेवली होती, तिसऱ्यानं ती फेडली. वाण्याच्या वहीत रेघ मारावी तशी.

हा निकष मला आवडला. मागच्या भागाचं काही देणं राहिलं असेल तर पुढचा भाग काढा. नसेल तर दुकान बंद.

नियम केला आणि तो लगेच माझ्यावरच उलटला. मी छातीठोकपणे सांगत होतो की तिसऱ्यानंतर काहीच देणं नव्हतं. पुन्हा पाहिल्यावर सुरुवातीलाच सापडलं. हरवलेल्या, देऊन टाकलेल्या खेळण्यांची आठवण निघते, कुणीतरी बो पीपचं नाव काढतं, आणि वूडी क्षणभर अडखळतो. बो पीप म्हणजे चिनी मातीची ती मेंढपाळीण, वूडीचं आणि तिचं थोडं... असो, मुलं बसली आहेत. ती गेली कुठे, हे तिसऱ्या भागात कुणीच सांगत नाही. चौथा भाग तिथूनच सुरू होतो. म्हणजे पै-पैचा हिशेब होता आणि माझ्याच नजरेतून निसटला होता.

आता या मालिकेचं सोडून थोडं माझ्या धंद्याचं सांगतो, कारण सगळे भाग असे हिशेबानं निघत नाहीत. दोन हजारच्या दशकात मी इथल्याच एका स्टुडिओत कामाला होतो. परदेशातून काम यायचं. मुख्य चित्रं त्यांची, त्यांच्या मधली चित्रं आमची, त्याला आम्ही 'इनबिटवीन' म्हणायचो. थेट डीव्हीडीवर विकायच्या एका मालिकेचा कितवा तरी भाग होता. नाव सांगत नाही, पैसे उशिरा का होईना मिळाले. त्यात एक ससा होता. लाइट बॉक्सवर कागदावर कागद ठेवून मी तो ससा आठ महिने पळवला. मॉडेल शीटवर, म्हणजे पात्र कसं काढायचं त्याच्या नमुन्याच्या कागदावर, लिहिलेलं, कान पळताना मागे पडतात, पण डावा कान कायम थोडा वर. मी एकदा सुपरवायझरला विचारलं, डावाच का? तो म्हणाला, पहिल्या भागात काहीतरी झालं होतं. काय झालं होतं? ते त्याला माहीत नव्हतं. आमच्या अख्ख्या मजल्यावर पहिला भाग पाहिलेला एकही माणूस नव्हता. आठ महिने आम्ही एका जखमेची इमानेइतबारे नक्कल करत होतो आणि जखम कशाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

टॉय स्टोरीचंही असं होता होता वाचलं. डिस्ने आणि हे सिनेमे बनवणारी पिक्सार कंपनी यांचं फाटलं होतं, तेव्हा डिस्नेनं 'सर्कल सेव्हन' नावाचा वेगळा स्टुडिओ उभा केला. त्याचं काम एकच, पिक्सारच्या सिनेमांचे पुढचे भाग मूळ माणसांशिवाय काढायचे. तिसऱ्या भागाची एक कथाही तयार होती. बझमध्ये उत्पादनाचा दोष निघतो आणि त्याला तैवानला कारखान्यात परत पाठवतात. २००६मध्ये डिस्नेनं पिक्सारच विकत घेतली, ७४० कोटी डॉलरला, आणि तो स्टुडिओ बंद झाला.

पैशाबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. लोक म्हणतात, पात्रं तयार असतात, नुसती हलवायची, मग पुढचा भाग स्वस्तातच पडत असेल. तसं नाही. तिसऱ्याच्या वेळी जुन्या फाइल उघडल्या, तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांत काही बदलता येईना. वूडी, बझ सगळे पुन्हा पहिल्यापासून बांधावे लागले. पहिल्याचा खर्च साधारण ३ कोटी डॉलर होता, तिसऱ्याचा २० कोटींच्या घरात. मग काढतात कशाला? तिसऱ्यानं आणि चौथ्यानं प्रत्येकी १०० कोटी डॉलरच्या वर धंदा केला म्हणून. त्याच पिक्सारचा कोरा नवा सिनेमा २०२५मध्ये पडला, आणि २०२४मध्ये एका जुन्या यशाचा दुसरा भाग त्यांचा सगळ्यात जास्त कमावणारा ठरला. नवं काही करत नाहीत म्हणून आपण सोफ्यावर बसून ओरडतो आणि नवं केलं की ते घरी कधी दिसेल याची वाट बघतो. मीही नवा तो घरीच पाहिला.

तर चौथा भाग. तो लागला तेव्हा मी रागावून बाहेर आलो होतो, यंदा पाहिला तेव्हा पटला. वय झालं असेल. त्यात बॉनी वूडीला खेळायलाच घेत नाही. त्याच्या छातीवरचा शेरीफचा बिल्ला काढून जेसीला, म्हणजे दुसऱ्या भागात आलेल्या काउगर्ल बाहुलीला, लावते आणि त्याला कपाटात ठेवते. त्याच्या अंगावर धूळ साठते. तरी हा रोज तयारच. बॉनीनं टाकाऊ काटा-चमच्यातून फोर्की नावाचं खेळणं बनवलंय, ते सारखं कचऱ्याच्या डब्यात उडी मारतं, आणि वूडीला त्याला सांभाळायचं काम मिळतं तर काय आनंद! पुण्याला एकेकाळी पेन्शनरांचं गाव म्हणायचे. हा सिनेमा इथे लोकांना का कळू नये? ऑफिसात उगाच चक्कर मारून 'काही अडलंय का?' विचारणारे जोशीसाहेब आपण सगळ्यांनी पाहिलेत. (हशा.) नाही नाही, पहिल्या रांगेतल्या कुणाबद्दल बोलत नाहीये.

शेवटी वूडी आपला बिल्ला स्वतःच्या हातानं जेसीला देतो. आपल्याकडे म्हणतात तसा चार्ज देतो. आणि बो पीपबरोबर निघून जातो. कागदपत्रं पूर्ण, सही-शिक्का झाला.

आणि आता पाचवा. जाहीर झालंय ते असं, की दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन, जे पहिल्या भागापासून लेखनात आहेत. बॉनीच्या हातात टॅब्लेट आलाय आणि खेळणी एका बाजूला पडलीयत. जेसी मध्यभागी आहे. माझ्या वहीप्रमाणे जेसीचं येणं बाकी आहे. दुसऱ्या भागात तिची मालकीण मोठी होते आणि तिला रस्त्याकडेच्या खोक्यात सोडून जाते, ते कुणी भरून दिलेलं नाही. शिवाय चार्ज आता तिच्याकडे आहे. तेव्हा जेसीचा सिनेमा काढा, मी पहिल्या दिवशी येतो.

पण वूडीला आवाज देणारे टॉम हँक्सही आहेत. म्हणजे वूडीही आहे. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, डोळे पुसून झाले, आणि सोमवारी साहेब पुन्हा खुर्चीत. मुदतवाढ! या मुदतवाढीला माझा विरोध आहे. जेसी अडचणीत आली की वूडीनं यायचंच, हे एकदा ठरलं की तो बिल्ला देण्याला काय अर्थ उरला? सिनेमा पाहून मत बदललं तर पुढच्या वर्षी बोलवा, येऊन माफी मागेन.

जाता जाता एक. त्या भाच्याला आता पाच वर्षांची मुलगी आहे. पाचव्याला जायचं तर आधीचे दाखवायला हवेत, म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे ठाण मांडून बसलो. रोज एक. तिसरा संपला, अँडीची गाडी निघून गेली, मी आणि भाचा दोघंही पंख्याकडे बघत बसलो होतो. ती उठून पडद्याजवळ गेली. अँडीशी तिला काही घेणंदेणंच नव्हतं. म्हणाली, "आता बॉनी त्यांच्याशी काय खेळणार?"

मी आयुष्यभर अँडीच्या बाजूला बसून तो शेवट पाहत आलो होतो. दुसरीकडेही कुणीतरी बसलंय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चौथा लावला. स्वयंपाकघरातून तिच्या आईनं विचारलं, "मामा, अजून किती आहेत?"